परक्याचा वाटा

एक जानेवारीच्या दुपारी थ्रासोसने टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं, त्यावर नववर्षाचा केक ठेवला, सुरी पुसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "मग, करू सुरुवात?"

खुर्ची काही बोलली नाही. तिची हरकत नसावी असं धरून त्याने केकवर सुरीने क्रूस काढला.

थेस्सालोनिकीत त्या दुपारी घरोघरी हेच चाललं होतं. केकच्या पोटात एक नाणं असतं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचं वर्ष चांगलं जाणार. त्या नाण्यापायी भावंडं एकमेकांच्या झिंज्या धरतात, सासवा-सुनांमध्ये अबोला होतो. थ्रासोसच्या घरी गेली तीन वर्षं भांडायला माणूसच नव्हतं. पण रीत ती रीत. बायको, म्हणजे आन्थूला, जशी कापायची तसेच त्याने तुकडे केले. पहिला ख्रिस्ताचा, दुसरा देवमातेचा, तिसरा घराचा, चौथा दारात येणाऱ्या परक्या माणसाचा आणि उरला तो स्वतःचा. केक मुळात बशीएवढा. पाच वाटे केल्यावर थ्रासोसच्या वाट्याला जे आलं ते चिमणीनेही दोनदा विचार करून उचललं असतं.

आन्थूला गेल्यापासून नाणं कधी त्याला लागलं नव्हतं. पहिल्या वर्षी ते ख्रिस्ताला लागलं. दुसऱ्या वर्षीही ख्रिस्तालाच. 'ह्याला काय कमी आहे,' असं थ्रासोसच्या मनात येऊन गेलं होतं आणि त्याबद्दल त्याने देवळात जाऊन जादा मेणबत्ती लावली होती. गेल्या वर्षी घराला लागलं, आणि त्या आनंदात घराने न्हाणीघराच्या भिंतीला ओल धरली.

ह्या वर्षी सुरी चौथ्या तुकड्यात शिरली आणि कर्रकन आवाज आला. चांदीच्या कागदाची कडा केकमधून डोकावत होती. नाणं परक्याला लागलं होतं.

थ्रासोस घाबरला. कारण आन्थूला दर वर्षी सुरी हातात घेऊन बजावायची, "परक्याचा वाटा घरात ठेवू नये हो. ठेवला तर वर्षभर दारात माणूस येत नाही." तिच्या वेळी हे म्हणायला सोपं होतं, तिच्या दारात सकाळपासून चार माणसं यायची, त्यांतला एखादा परका हमखास असायचा. आता तीन वर्षांत दारात कोण आलं होतं? आणि आता तर त्या वाट्यात नाणंही होतं, म्हणजे तो घरात राहिला तर चौथं वर्षही रिकामं जायची खात्रीच!

नाणं त्याने काढलं नाही. ज्याचं नशीब त्याने उकरावं. तुकडा बशीत ठेवून त्याने घराचं दार सताड उघडलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसला. तासाभराने खालच्या मजल्यावरच्या ऊरानियाबाईंचं मांजर आलं. ते काही परकं नव्हतं. मग जिन्यात खरोखर एक अनोळखी माणूस उगवला, हातात पिझ्झाचं खोकं घेऊन. "डॉक्टरांचं घर हेच का?" त्याने विचारलं. थ्रासोसने बोलायला तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर आली. खुर्ची सोडली तर कालपासून कोणाशी बोलला नव्हता, गळा गंजला होता. खाकरून, आवंढा गिळून तो "अहो, जरा थांबा" म्हणेपर्यंत माणूस वरच्या मजल्यावर पोचला होता, आणि उतरताना लिफ्टने गेला.

आणि हा गळा कोणाचा? तर चौतीस वर्षं लांब पल्ल्याच्या बसस्थानकावर ध्वनिक्षेपकासमोर बसून अख्ख्या उत्तर ग्रीसच्या गाड्या सोडणाऱ्या माणसाचा.

दोन तारखेला सकाळी त्याने तुकडा कागदी रुमालात गुंडाळला, कोटाच्या खिशात जपून ठेवला आणि तो घड्याळवाल्या बेकरीत गेला. भर चौकातल्या त्या बेकरीच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे. ते पावणेपाचला बंद पडलं तेव्हा आत्ताच्या मालकीणबाईंचे सासरे गल्ल्यावर बसत होते. शहराच्या मधोमध असल्यामुळे तिथे नाही नाही ती माणसं येतात. परका माणूस मिळाला तर तिथेच मिळेल, असा थ्रासोसचा अंदाज.

तो दारातून आत शिरताच काउंटरमागच्या मालकीण मालामोबाईंनी बुगात्सा, म्हणजे खिरीच्या सारणाची पापुद्र्यांची पेस्ट्री, कापता कापता सुरी थांबवली. "कीर थ्रासोस! आज शुक्रवार आहे!"

थ्रासोस, बाईंच्या तोंडी 'कीर' म्हणजे थ्रासोसराव, बुधवारी आणि रविवारी यायचा. गेल्या तीन वर्षांत त्याने वार चुकवला नव्हता आणि जास्तीचा शब्दही खर्च केला नव्हता. "बिनसाखरेची कॉफी, एक बुगात्सा" हे चार, निघताना "येतो" हा एक. पेन्शन आणि शब्द दोन्ही तो जपून वापरी.

"हो, शुक्रवार," तो म्हणाला. एवढ्यानेच आजचा कोटा ओलांडला.

"केक कसा होता?" बाईंनी बारीक नजरेने विचारलं. "मी म्हटलं होतं ना, हाच न्या, हाच न्या. तुम्ही आपले त्या दुसऱ्याला हात घालत होता."

"चांगला होता," थ्रासोस म्हणाला आणि आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला. बाई तिथेच उभ्या राहिल्या, अजून काही ऐकायचं राहिल्यासारख्या.

कॉफी आली, पाण्याचा ग्लास आला, साखर-दालचिनी भुरभुरवलेला गरम बुगात्सा आला. थ्रासोसने मनातल्या मनात वाक्य तीनदा घोकलं आणि मागे वळला. मागच्या टेबलावर एक पन्नाशीचा, गळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस होता.

"माफ करा, तुम्ही परके आहात का?"

माणसाने कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे इथले नाही ना?"

"नऊ वर्षं झाली मला ह्या शहरात! घर घेतलंय इथे! अथेन्सचा आहे म्हणून किती दिवस ऐकून घ्यायचं माणसाने? पाववाला तेच, न्हावी तेच, आता कॉफी पितानाही तेच!"

थ्रासोसने घाईघाईने मान फिरवली. तेवढ्यात समोर ऊरानियाबाई येऊन बसल्या होत्या. त्या त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहत. दिसायच्या फक्त जिन्यात, आणि तेही कठड्यापलीकडून तक्रार करताना. आज सणाचे केस सेट केलेले होते. थ्रासोसने विचार केला, शेजारीण आहे खरी, पण चार वाक्यांच्यावर आपलं कधी बोलणं नाही. परकीच म्हणायची. त्याने उठून रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"हे घ्या. परक्या माणसाला द्यायचंय."

ऊरानियाबाईंनी रुमाल दोन बोटांनी उघडला. "कालचा उष्टा केक? आणि मी परकी? अकरा वर्षं तुमच्या फरशीखाली राहते मी! रोज सकाळी सातला तुमच्या कुंडीचं पाणी माझ्या डोक्यावर ठिबकतं, आणि मी परकी?"

"आपलं माणूस म्हटलं तरी घेत नाही, परकं म्हटलं तरी घेत नाही," कोपऱ्यातून औषधवाला याकोवोस म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. त्याचं दुकान शेजारीच होतं. तो गिऱ्हाइकांपेक्षा बेकरीतच जास्त दिसे. "मला विचारू नका, मला साखर आहे."

कान तापलेल्या थ्रासोसने रुमाल मागे ओढला. ऊरानियाबाईंनी तो अजून सोडला नव्हता. तुकडा मधोमध तुटला, नाणं टणकन फरशीवर पडलं, चांदीचा कागद सुटला, आणि ते गडगडत फरशी पुसणाऱ्या लामाराच्या बुटाला जाऊन टेकलं.

लामाराने ते उचललं, एप्रनला पुसलं आणि उजेडात धरलं. "मालकीणबाई, ह्याच्यावर घड्याळ आहे."

याकोवोसने खुर्ची मागे सरकवली, ऊरानियाबाईंनी मान लांब केली.

काचेवर महिनाभर पाटी लावलेली होती. ती न वाचलेला शहरात बहुधा एकटा थ्रासोसच असेल. तो वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे. ह्या वर्षी दुकानाच्या तीनशे केकपैकी एकात घड्याळाचा छाप असलेलं नाणं होतं. ज्याला लागेल त्याला वर्षभर रोज सकाळी कॉफी आणि बुगात्सा दुकानातर्फे. याकोवोसने साखर असूनही दोन केक नेले होते. ऊरानियाबाईंनी चार नेले होते आणि चारही काल चाळणीतून चाळले होते.

"हे माझं नाही," थ्रासोस गोंधळून म्हणाला. "हे परक्याच्या तुकड्यात होतं. परक्यालाच द्यायला हवं."

"अर्थात!" ऊरानियाबाई ताडकन उठल्या. "आणि रुमाल कोणाच्या हातात होता? मी परकीच आहे हो. ह्या गृहस्थांची नि माझी ओळखदेख नाही."

"आत्ता तर अकरा वर्षांचा हिशेब सांगत होतात!" अथेन्सचा माणूस ओरडला. "ह्यांनी पहिलं मला विचारलं होतं. थेस्सालोनिकीवाल्याला अथेन्सवाल्यापेक्षा परका कोण? आहे, मी परका आहे! सगळ्यांसमोर सांगतो!"

"थांबा," याकोवोसने छाती पुढे काढली. "माझे आजोबा तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून निर्वासित म्हणून होडीतून आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. आमचं घराणंच परक्यांचं. तीन पिढ्यांचा अनुभव आहे."

"हिच्या सासऱ्याचे वडीलसुद्धा त्याच होडीतून आले होते," ऊरानियाबाईंनी मालामोबाईंकडे हात केला. "मग तिचं नाणं तिलाच द्यायचं का? आणि तू कसला परका रे? ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण देतं? ह्यांचा खोकला तू दारामागून ओळखतोस."

"गोळ्या देणं म्हणजे ओळख नव्हे!"

"मग डिसेंबरात माझी बेल वाजवून कोण विचारत होतं, 'कीर थ्रासोस आठ दिवस गोळ्या न्यायला आले नाहीत, वर दिवा लागतो का?'"

याकोवोस लाल झाला. "धंद्याची काळजी असते माणसाला."

थ्रासोस ह्याच्या तोंडाकडून त्याच्या तोंडाकडे बघत होता. डिसेंबरात त्याला ताप होता. कोणाला कळलं नाही असं त्याला वाटत होतं.

"चला, हे दोघं बाद," अथेन्सचा माणूस हात चोळत म्हणाला. "राहिलो मी."

"तू रे पेरिक्लिस?" मालामोबाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या. "तू दर बुधवारी नि रविवारी बरोबर ह्यांच्या मागचं टेबल धरतोस. का, ते सांगू?"

"सांगायची गरज नाही."

"ते उठले की त्यांचं वर्तमानपत्र उचलायला. त्यातलं शब्दकोडं सोडवायला. ते अर्धं सोडून जातात, तू पुरं करतोस."

"अर्धं नाही!" पेरिक्लिस दुखावला. "तीन शब्द. दर वेळी नेमके तीन सोडतात, आणि सोपे नाही. मला वाटायचं…" त्याने मफलर सारखा केला. "मला वाटायचं, माझ्यासाठीच ठेवतात."

खरं तर ते तीन शब्द थ्रासोसला कधी आलेच नव्हते. तसले शब्द आन्थूला सांगायची. पण हे बोलून दाखवावं असं त्याला वाटलं नाही.

आता कोणीच उरलं नाही म्हटल्यावर तिघांच्या माना एकदम वळल्या आणि लामारावर स्थिरावल्या. लामारा जॉर्जियाची. सोळा वर्षं ती ह्या दुकानाची फरशी पुसत होती आणि ग्रीक बोलताना अजून तिचे स्वर डोंगरावरून उतरल्यासारखे उतरत.

"अरे, ही काय खरी परकी!" याकोवोस म्हणाला. "देऊन टाका हिला. पुण्य लागेल."

"हो हो, लामाराच," ऊरानियाबाईंनीही उदारपणे मान डोलावली. आपल्याला नाही तर शेजाऱ्यालाही नको, एवढं साधत होतं.

लामाराने पोछ्याचा दांडा फरशीवर आपटला. "खबरदार! सोळा वर्षं मला परकी, परकी म्हणून झालं. बँकेत परकी, दवाखान्यात परकी. इतिहासाची परीक्षा दिली मी! तुमच्यापैकी एकाला तरी तसले प्रश्न सोडवता येतील का? नोव्हेंबरात उजवा हात वर करून शपथ घेतली, कागद मिळाला. आणि आज एका बुगात्सासाठी मला पुन्हा परकी करता? मी ह्या देशाची नागरिक आहे. मला नको तुमचं नाणं!" आणि तिने ते थ्रासोसच्या टेबलावर ठेवलं, ठक्.

मग जो गोंधळ उडाला त्याला पार राहिला नाही. नागरिकत्व असूनही माणूस परका असू शकतो की नाही, होडीतून आलेले किती वर्षांनी परके राहत नाहीत, चाळणीने चाळलेल्या केकचे पैसे परत मिळतात का, असे सगळे प्रश्न एका वेळी सुटू लागले. ऊरानियाबाईंचा हात नाण्याच्या दिशेने सरकला, पेरिक्लिसचा त्यावर पडला, कॉफी लवंडली. थ्रासोसच्या डोळ्यांपुढे आलं उघडं दार आणि रिकामा जिना, येणारं अख्खं वर्ष. तो उठून उभा राहिला. काय होतंय हे त्याला कळायच्या आत छातीतून ते वर आलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

काचेतले पाव थरथरले. सगळे होते तिथे थिजले. ऊरानियाबाईंनी सवयीने पर्स उचलली.

"देवमाते!" त्या कुजबुजल्या. "हा आवाज…! 'द्रामाला जाणारी गाडी फलाट क्रमांक अकरावर…' तो तुम्ही? अकरा वर्षं माझ्या डोक्यावर राहता आणि तो तुम्ही?"

"ह्या आवाजावर मी सैन्यात गेलो," याकोवोस म्हणाला. "आई रडत होती आणि हा म्हणत होता, सामान सांभाळा."

"मी पहिल्यांदा ह्या शहरात उतरले," लामारा सावकाश म्हणाली, "तेव्हा एक शब्द कळत नव्हता. हाच आवाज. वाटलं, कोणीतरी ये म्हणतंय."

थ्रासोस खाली बसला. एवढं मोठ्याने बोलल्याचं त्याचं त्यालाच लाजिरवाणं झालं. "मग आता परका शोधायचा कुठे?" तो पुटपुटला. "कावालापासून कास्तोरियापर्यंत सगळेच ओळखीचे निघायला लागले."

मालामोबाई काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आल्या. "मी शोधते. कीर थ्रासोस, एक सांगा. नोव्हेंबरात लामाराने दुकानभर बदामाची मिठाई वाटली. तुम्ही दोन घेतल्यात. कशाबद्दल होती?"

"विचारलं नाही."

"हा पेरिक्लिस दोन वर्षं तुमच्या पाठीमागे बसतो. ह्याचं तोंड आधी कधी पाहिलं होतंत?"

"पाठ… माझी पाठ असते ना तिकडे."

"याकोवोसला नातवंड काय झालं, मुलगा की मुलगी?"

"याकोवोसला नातवंड झालं?"

"जुळं!" याकोवोस व्याकूळ होऊन म्हणाला. "ऑगस्टात! औषधाच्या पिशव्यांवर फोटो छापलाय मी!"

"ऐकलंत?" बाईंनी दुकानाकडे वळून हात कमरेवर ठेवले. "ह्या माणसाला न ओळखणारं इथे कोणी नाही. आणि कोणालाही न ओळखणारा इथे एकच आहे. परक्याचा तुकडा परक्यालाच मिळाला. नाणं त्यांचं."

पेरिक्लिसने नाणं थ्रासोसपुढे सरकवलं. मुद्दा बिनतोड होता. याकोवोसने हळूहळू टाळ्या वाजवल्या. ऊरानियाबाई म्हणाल्या, "चार केक, चार!" आणि मग त्यांनीही वाजवल्या.

पांगापांग झाल्यावर मालामोबाई लवंडलेली कॉफी पुसायला त्याच्या टेबलाशी आल्या.

"बघा नशीब," थ्रासोस नाणं उलटसुलट करत म्हणाला. "तीनशे केकमधून माझ्याच केकमध्ये."

"कसलं डोंबलाचं नशीब," बाई फडकं पिळत हळूच म्हणाल्या. "मीच घातलं. म्हटलं, एकटा माणूस, केक एवढासा. कुठेही घातलं तरी ह्याच्याच दाताखाली येणार. मला काय ठाऊक तुम्ही एकटेच बसून त्याचे पाच वाटे कराल! हळू बोला, ऊरानियाने ऐकलं तर ओव्हनमध्ये घालेल मला."

थ्रासोसने नाणं खाली ठेवलं. "पण का?"

"माझा थोरला कोझानीला शिकत होता. दर शुक्रवारी यायचा. मी फलाटावर उभी असायचे तासन्‌तास. तुम्ही सांगितल्याशिवाय ती गाडी कधी आली नाही." त्यांनी फडकं झटकलं. "आठवड्यातले दोन दिवस येता. उरलेले पाच दिवस कुठे असता, ही मला काळजी. उद्या साडेआठला या. आणि ह्या कोपऱ्यात नाही. तिथे, पेरिक्लिसच्या समोर. तो शब्दकोड्यावरून भांडतो, सांगून ठेवते."

केकचा चुरा झालेला तुकडा लामाराने बशीत गोळा करून आणला. सगळ्यांनी बोटाने थोडा थोडा उचलला, याकोवोसनेसुद्धा. घरात परक्याचा वाटा उरला नाही.

संध्याकाळी थ्रासोसच्या दाराची बेल वाजली. बेलचा आवाज इतका विसरायला झाला होता की त्याने आधी टेलिफोन उचलला. दारात ऊरानियाबाई होत्या, केस विस्कटलेले, हातात झाकलेली बशी.

"केक नाहीये, घाबरू नका. चार केकचा चुरा होता, दुधात घालून खीर केलीय. आणि हो, त्या कुंडीचं बोलायला आले. आज सकाळी सातला पाणी नाही ठिबकलं. सव्वासातलाही नाही. साडेसातला ठिबकलं."

"आज जरा डोळा लागला," थ्रासोस ओशाळून म्हणाला. "उद्यापासून कुंडी आतच घेतो. तुमच्या डोक्यावर नको."

"अजिबात घ्यायची नाही!"

"अहो, पण मग तुम्ही सातला गॅलरीत येऊन उभ्या तरी कशाला राहता? इतक्या थंडीत?"

ऊरानियाबाईंनी बशी त्याच्या हातात कोंबली आणि जिना उतरायला लागल्या. वळणावर थांबून, कठड्यापलीकडून त्या नेहमीसारख्याच खेकसल्या, "मग वर कोणी उठलंय की नाही, हे कळायचं कसं माणसाला?"